लॅमिनेट केलेला ठोका

गेल्या रविवारी रोह्यात एका आरोग्य शिबिराच्या फलकावर ‘एआय ईसीजी’ झळकलं आणि लगेच सूर निघाला, की आता पेण-रोह्याला हृदयरोगतज्ज्ञ नसला तरी भागेल. भागणार नाही.

प्रश्न एवढाच, की ईसीजी वाचणारं हे यंत्र शिकलं कुणाच्या ठोक्यांवर? हृदयाची बिघडलेली लय ओळखणाऱ्या यंत्रांची परीक्षा वर्षानुवर्षं बॉस्टनच्या एमआयटी-बीआयएच संग्रहावर होत आली. माणसं ४७, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी ४८. त्यात अनेकदा एकाच माणसाचे काही ठोके शिकवणीला, काही परीक्षेला. पेपर फुटल्यावर ९९ टक्के कुणालाही पडतात.

उलट ब्राझीलचं मिनास जेराइस राज्य बघा. तिथे गावोगावच्या दवाखान्यांत ईसीजी काढायचा, दूरच्या केंद्रात डॉक्टरांनी तो वाचून निदान लिहायचं आणि दोन्ही जपून ठेवायचं, असा शिरस्ता. २०१० ते २०१६ या काळातले ८११ नगरपालिकांतले तेवीस लाखांवर ईसीजी हाताशी होते, म्हणून २०२० साली त्यांचं यंत्र सहा प्रकारचे बिघाड ओळखू लागलं. आधी डॉक्टर, मग दप्तर, शेवटी यंत्र. आपल्याकडे आधी फलक!

आपलं दप्तर म्हणजे पेशंटच्या पिशवीतली पट्टी. ईसीजीचा कागद थर्मल, त्यावरची अक्षरं उष्णतेनेच उमटतात. घरातला कुणी हुशार ती पट्टी जपायची म्हणून लॅमिनेट करून आणतो आणि ती काळी ठिक्कर पडते. पेणमध्ये अशी एक पट्टी मी हातात धरून पाहिलीय. एका कोपऱ्यात तेवढी तारीख वाचता येत होती. झेरॉक्स काढा हो, नाहीतर मोबाइलवर फोटो तरी!

जुनी पट्टी लागते कशाला? एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित लय, अनेकांना येऊन-जाऊन असतं. दहा सेकंदांच्या ईसीजीत ते सापडलं नाही, तर यंत्र ते ठामपणे कसं सांगणार? डावा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युत संदेशाच्या डाव्या वाटेतला अडथळा, आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरलाही ठरवता येत नाही. मग धोका नको म्हणून पेशंट निघतो पनवेलला. मुंबई-गोवा महामार्गाने. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. आणि मग वर्षानुवर्षं रखडलं.