कुंपण भक्कम, आतली दारे उघडी

मुंबई, प्रतिनिधी - शिवाजी पार्क परिसरात प्रवासी कंपन्या, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, शिकवणी वर्ग आणि पुनर्विकासाची कामे घेणारे बांधकाम व्यावसायिक यांची अनेक कार्यालये आहेत. अशा मध्यम आकाराच्या कार्यालयात हिशेब, ग्राहकांच्या पारपत्रांच्या प्रती, रुग्णांचे अहवाल, इतकेच नव्हे तर पाहुण्यांचे वाय-फायही अनेकदा एकाच नेटवर्कवर चालते. प्रवेशद्वारी फायरवॉल आणि प्रत्येक संगणकावर अँटीव्हायरस बसवला की सुरक्षेचे काम संपले, असे मानले जाते. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता हा समज महागात पडणारा आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. ११ ऑगस्टला बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून सुमारे ७८ कोटी, तर भारतातून अडीच कोटी रुपये काढण्यात आले. कार्डावरील मागणी पडताळणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन हल्लेखोरांची समांतर यंत्रणाच मागण्या मंजूर करत होती. १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' यंत्रणेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले.

मुंबईलगतच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या विषाणूमुळे ठप्प झाले होते. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो जगभर पसरला. एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डच्या आधारे तो त्याच नेटवर्कवरील इतर संगणकांत शिरत होता. शत्रू विश्वासातल्या वाटेने आला आणि आत त्याला अडवणारे कोणी नव्हते.

याउलट उदाहरण जुलै २०२४ मधील आहे. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ३१ जुलैला तिला देशाच्या किरकोळ देयक व्यवस्थेपासून तोडले. सुमारे ३०० बँकांचे ग्राहक खोळंबले. पण दुसऱ्याच दिवशी जोडणी पूर्ववत झाली. बाधित भाग वेळीच वेगळा काढता आला.

मध्यम उद्योगांनी घ्यायचा धडा हाच आहे. हिशेब, ग्राहकांची माहिती, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे वाय-फाय यांचे नेटवर्क वेगवेगळे हवे. प्रत्येक कर्मचाऱ्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत. देखभाल कंत्राटदाराला दुरून मिळणारा प्रवेश काम संपताच बंद व्हावा. ई-मेल आणि बँक व्यवहारांना पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी असावी. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवावी आणि त्यातून माहिती परत मिळते की नाही, याची अधूनमधून चाचणी घ्यावी. पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा ई-मेल आल्यास जुन्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

यातील बहुतेक उपायांना पैशांपेक्षा शिस्त अधिक लागते. ती नसल्यास कायद्याचा बडगाही आहे. 'सर्ट-इन'च्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. मात्र त्या क्षणी कोणता संगणक तोडायचा आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच ठरलेले नसेल, तर हातातली मोलाची मिनिटे मालकाला शोधण्यातच जातील.