वाट दाखविणारीं माणसें



शिळफाट्यावरून निघालेला जुना मुंबई-पुणें रस्ता खोपोली मागें टाकतो आणि बोरघाट चढूं लागतो. घाटांत त्या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचें देऊळ आहे. येणारे-जाणारे गाडीवाले तेथें क्षणभर थबकतात, एखादें नाणें टाकतात आणि पुढें जातात. आख्यायिका अशी सांगतात कीं, घाटांतून आगगाडीचा मार्ग काढतांना इंग्रज एंजिनियरांना वाट सांपडेना, तेव्हां शिंग्रोबा नांवाच्या एका धनगरानें त्यांना ती दाखविली. बक्षीस माग म्हटल्यावर त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें आणि त्यापायीं प्राण गमावला, असेंहि लोक सांगतात. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, हा लिखित इतिहास आहे. शिंग्रोबाची कथा ही लोकांच्या तोंडीं राहिलेली आठवण आहे. तिच्यांतील शब्दन् शब्द कसोटीला उतरतो कीं नाहीं, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. मला त्या कथेंत एवढेंच मोलाचें वाटतें कीं, नकाशे व यंत्रें हातीं असूनहि वाट विचारावी लागते. आणि ज्याच्या ती पायाखालची आहे, त्यालाच विचारावी लागते.

घरांतील वृद्ध माणसें आणि मंडळींतील वृद्ध माणसें यांच्याविषयीं मला आज जें सांगावयाचें आहे, तें याच जातीचें आहे. आपण वृद्धांना मान देतों, पण काम देत नाहीं. त्यांना औषध विचारतों, पण वाट विचारीत नाहीं. आणि ज्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्याच्याजवळचें धन त्याच्याबरोबरच मातींत जातें.

पाळक या नात्यानें मला घरोघर जावें लागतें. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यांत पुष्कळ घरांचा दिनक्रम गाडीच्या वेळापत्रकानें बांधलेला आहे. कर्ता मुलगा पहांटेची गाडी गांठून मुंबईकडे जातो, सून कामावर जाते, नातवंडें शाळेंत आणि शाळेंतून शिकवणीला जातात. घरांत उरतात ते आजोबा किंवा आजी. त्यांचे हाल होतात असें मी म्हणणार नाहीं. बहुतेक घरांत त्यांना वेळेवर जेवण मिळतें, गोळ्या मिळतात, चष्मा मिळतो. परंतु दिवसभरांत त्यांना उद्देशून जीं वाक्यें बोललीं जातात, तीं कोणी मोजून पाहावींत. "जेवलांत का?" आणि "दार लावून घ्या" यांपलीकडे फारसें कांहीं हातीं लागणार नाहीं.

मंडळींतहि थोड्याफार फरकानें तेंच चालतें. वार्षिक सणाच्या दिवशीं वृद्धांना पुढच्या रांगेंत बसवितात, शाल व नारळ देतात, टाळ्या वाजतात, छायाचित्र निघतें. दुसऱ्या दिवसापासून त्यांची आठवण त्या छायाचित्रापुरतीच उरते. हा मान खोटा नसतो. पण कामावांचून दिलेला मान हा एक प्रकारें प्रेमळ निरोपच असतो.

या चित्राची दुसरी बाजूहि झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. आपल्या मराठींत 'वडील' हा शब्द पित्यालाहि लागतो आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्यालाहि लागतो. हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. चांगला पिता मुलाला संसार शिकवितो आणि योग्य वेळीं किल्ल्या त्याच्या हवालीं करतो. परंतु कांहीं वडील पंचवीस पंचवीस वर्षें तीच खुर्ची, तीच हिशेबाची वही आणि तीच किल्ली सोडीत नाहींत; तरुणानें नवी चाल सुचविली कीं त्यांच्या कपाळाला आठी पडते. असें झालें म्हणजे तरुण दूर होतात, आणि मग वृद्धाजवळचें ज्ञान घ्यावयास कोणी उरत नाहीं. अधिकार ही एक वस्तु आहे आणि वारसा ही दुसरी. अधिकार वेळेवर सोडावा. वारसा मात्र शेवटच्या श्वासापर्यंत वांटीत राहावा.

आतां वारसा म्हणजे काय? उपासनामंदिराची इमारत, तिची घंटा, भिंतीवरच्या स्मृतिशिला, हें सर्व वारशाचें कवच आहे. गाभा वेगळाच असतो. तो एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानांत जातो. याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील पहिला मोठा ग्रंथ एका वृद्धाच्या हातचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ मध्यें गोव्यास आले, तेव्हां ते तिशीचे होते. त्यांनीं लोकांत राहून लोकांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ मध्यें रायतूर येथें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें, तेव्हां ते पासष्टी ओलांडून गेले होते. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ! तीन वर्षांनीं, १६१९ मध्यें, ते निवर्तले. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्यें निघाल्या. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत हातीं येत नाहीं.

मग ग्रंथ वांचला कसा? तो घरांनीं वांचविला. लोकांनीं हातानें नकला केल्या. गोवा सोडून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं तो बरोबर नेला. घरांतून तो वाचला गेला, म्हटला गेला, आणि आजोबांकडून नातवाकडे गेला. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो पुन्हां छापला. छापखाना हरला, राजाज्ञा विरोधांत गेली, पण घर हरलें नाहीं. पालकांनीं या गोष्टीचा विचार करावा. त्या अडीचशें वर्षांत एखाद्या पिढीच्या मुलांनीं "आम्हांला हें जुनें नको" असें म्हटलें असतें, तर मराठीचें हें भूषण कायमचें गेलें असतें.

दुसरें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील आहे आणि तें ख्रिस्ती मंडळीबाहेरचें आहे. तथापि शिकण्यासारखें आहे. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत. या जिल्ह्याच्या गांवोगांवीं बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हें नांव पडलें. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें आपल्याच गांवांवरून आलेलीं आहेत. जगांतील इतर यहूदी समाजापासून दूर राहूनहि त्यांनीं शब्बाथ पाळला, सुंता पाळली, आणि शमा ही एक प्रार्थना मुखोद्गत ठेवली. आजीनें सांगितलें आणि नातीनें ऐकलें, एवढ्याच बळावर हा धर्म शतकानुशतकें टिकला. या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें लिहून पुरा केला, तेव्हां तेहि साठी ओलांडलेले होते. परंतु तें हस्तलिखित छापून निघावयास १९३७ साल उजाडलें. लेखक त्यापूर्वींच निवर्तले होते. वृद्धानें आपलें काम वेळेवर केलें होतें; उशीर झाला तो पुढच्यांकडून.

तिसरें उदाहरण तुमच्या सर्वांच्या ओळखीचें आहे. लक्ष्मीबाई टिळकांनीं कोणत्याहि शाळेची पायरी चढली नव्हती. लिहावयास-वाचावयास त्या लग्नानंतर पतीकडून शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, तेव्हां त्या दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्यें झाला. १९१९ मध्यें टिळक वारले. त्या वेळीं लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या विधवा होत्या. जगाच्या रीतीप्रमाणें त्यांनीं कोपऱ्यांत बसून दिवस काढावयाचे होते. त्याऐवजीं टिळकांनीं आरंभिलेलें आणि थोड्याच अध्यायांनंतर अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनीं हातीं घेतलें आणि त्यांत साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. आणि मुलानें आग्रह केला म्हणून आपल्या आठवणी सांगितल्या. त्याच आठवणी 'स्मृतिचित्रें' या नांवानें १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झाल्या. १९३६ मध्यें लक्ष्मीबाई निवर्तल्या.

या पुस्तकाची थोरवी मी नव्यानें सांगावी असें नाहीं. मला बोट दाखवावयाचें आहे तें एका लहानशा गोष्टीकडे: त्यांना कोणी तरी विचारलें. देवदत्तांनीं आपल्या आईला "तूं लिही" असें म्हटलें नसतें, तर सासरचें सोंवळें-ओंवळें, दुष्काळ आणि प्लेग, अहमदनगरची मंडळी, पतीचा विक्षिप्तपणा आणि त्याचें मोठेपण, हें सारें त्या बाईबरोबरच गेलें असतें. महाराष्ट्रांतील किती घरांत अशा लक्ष्मीबाई होऊन गेल्या असतील, ज्यांना विचारणारा देवदत्त भेटला नाहीं!

केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत सबंध पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. मूळ हिब्रू आणि ग्रीक त्या त्यासाठीं शिकल्या होत्या. १९२२ मध्यें त्या वारल्या आणि १९२४ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत झाली, आणि तेथें खिळे जुळविणारे हात त्यांनीं आश्रय दिलेल्या मुलींचे होते. एका बाजूला वृद्ध विदुषी, दुसऱ्या बाजूला तरुण मुली, आणि मध्यें एकच काम! मंडळी म्हणतात ती हीच. जेथें वृद्ध व तरुण एका कामाला हात लावतात, तेथें कोणी कोणाला अडगळ वाटत नाहीं.

पवित्र शास्त्रांतहि हेंच दिसतें. बाळ येशूला मंदिरांत आणलें तेव्हां त्याला ओळखणारीं दोन माणसें, शिमोन व हन्ना, वृद्ध होतीं. तीमथ्याच्या विश्वासाचें मूळ शोधतांना पौल प्रथम त्याच्या आजीचें, लोईसचें, नांव घेतो आणि मग आईचें.

म्हणून प्रत्येकाला थोडेंसें मागणें आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातीं आज मोबाइल आहे. त्यांत गाणीं आणि खेळ आहेत, ते असोत; पण त्याच यंत्रांत आजीचा आवाजहि सांठवितां येतो. या सुटींत तिच्याजवळ बसा आणि तिला तीन गोष्टी विचारा: तुझें लहानपण कोणत्या गांवीं गेलें? आपलें घराणें येथें कसें आलें? सर्वांत कठीण दिवस कोणते होते आणि ते तूं कसे काढलेस? तिनें सांगितलेलें वहींत उतरवून काढा. उपासनेंतील जुन्या गीताची चाल आजोबांना येत असेल तर ती म्हणवून घ्या. शब्द पुस्तकांत सांपडतात, चाल मात्र गळ्यांतच राहते. आणि त्यांनीं तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर कंटाळूं नका. तुम्हांला बोलावयास शिकवितांना त्यांनींहि तोच शब्द शंभर वेळां सांगितला होता.

पालकांनो, मुलें तुमच्या उपदेशावरून शिकत नाहींत, तुमच्या वागण्यावरून शिकतात. तुम्ही आपल्या आईशीं जितकीं वाक्यें बोलाल, तितकींच उद्यां तुमच्या वांट्याला येतील.

वृद्धांनो, आपल्या काळाची थोरवी सांगा, पण त्या काळाचे दोषहि सांगा. निव्वळ बढाई ऐकावयास कोणी थांबत नाहीं; खरी हकीकत ऐकावयास मुलें रात्र जागतात.

आणि मंडळीच्या कारभाऱ्यांनो, वृद्धांना शाल द्या, पण तिच्याबरोबर काम द्या. शब्बाथशाळेंत महिन्यांतून एक तास त्यांच्याकडे सोंपवा. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्या त्यांच्याशेजारीं एक तरुण बसवून वाचून घ्या. कोणत्या नांवामागें कोणती हकीकत आहे, हें त्यांनाच ठाऊक असतें. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्या घरीं प्रार्थनासभा न्या, म्हणजे मंडळीच त्यांच्या दारीं येईल.

वार्धक्य सर्वांनाच येणार आहे. आज जो पहिलींत आहे त्यालाहि तें चुकणार नाहीं. त्या दिवशीं आपल्याजवळ द्यावयास कांहीं असावें आणि घ्यावयास कोणी असावें, एवढें भाग्य पुरे आहे. पण घेण्याची संवय कोंवळ्या वयांत लागते. ज्यानें घेतलेंच नाहीं, तो पुढें देणार काय? शाळेची सुटी जवळ आली आहे, आणि घरांतील आजी अजून बोलती आहे. तेवढ्यांत विचारून घ्या.