फाइलीतले हरवलेले पान

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत मी प्रत्येक पानावर लाल शाईने क्रमांक घालतो. सेक्रेटरी हसतात. म्हणतात, ‘‘साहेब, अजून बँकेतून रिटायर झाला नाहीत वाटतं!’’

हे वेड मला उगाच लागलेले नाही. बँकेत अधिकारी असताना एका कर्जप्रस्तावावर मी प्रतिकूल शेरा लिहिला होता. अर्जदारामागे एक वजनदार पुढारी होता. फोन आले, फाइल वर मागवली गेली. परत आली तेव्हा माझे टिपण तिच्यात नव्हते आणि पुढच्या पानांचे आकडे खोडून नवे घातले होते. मी पाहिले आणि गप्प बसलो. बदलीची भीती होती, मुलीची बारावी होती. पुढे कर्ज बुडाले. चौकशीत सापडला तो पैसे वितरित करणारा कनिष्ठ अधिकारी. त्याने वरचा आदेश पाळला होता, पण फोनला जावक क्रमांक नसतो. माझे पान असते तर तो वाचला असता.

म्हणून 2010 मध्ये कुलाब्याच्या ‘आदर्श’च्या फाइलीतून, नगरविकास खात्यातून, टिपणीची पाने गहाळ झाल्याचे वाचले तेव्हा त्या 31 मजल्यांपेक्षा मला त्या पानांचेच जास्त वाटले. कोणी सुचवले, कोणी हरकत घेतली, कोणी सही केली, हे सारे टिपणीतच तर असते!

मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी त्या नोव्हेंबरात राजीनामा दिला. न्या. जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल एप्रिल 2013 मध्ये सरकारच्या हाती आला, पण विधिमंडळापुढे आला तो डिसेंबरात. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने तो फेटाळला आणि ओरड झाल्यावर जानेवारीत अंशतः स्वीकारला. चव्हाणांवरील खटल्याला राज्यपालांनी 2013 मध्ये परवानगी नाकारली, 2016 मध्ये नव्या राज्यपालांनी दिली, आणि डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा सीबीआयने आणला नव्हता. न्यायालयाला बोल कसा लावणार? त्यांच्यापुढे येईल तेच ते पाहणार. आणि चव्हाण निर्दोष असतील, तर सात वर्षे संशयात काढण्याची वेळ त्यांच्यावरही येऊ नये. कागद जपण्यात त्यांचेही हित होते.

गेल्या महिन्यात एका सभासदाने, सभेत आपण बोललेले पार्किंगविषयीचे एक वाक्य इतिवृत्तातून काढायला सांगितले. मी म्हटले, ‘‘खाली तुमचा खुलासा लिहा, सही करा. वाक्य राहील.’’ तेव्हापासून ते जिन्यात भेटले तरी बोलत नाहीत.