चेंडू आणि पाटी

कोवळ्या वयातील कीर्ती सांभाळणे मोठे कठीण. १९९१ साली इटलीत झालेली १७ वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा घानाने जिंकली. सर्वोत्तम खेळाडू ठरला नी लॅम्प्टे. खुद्द पेलेने त्याला आपला वारस म्हटले. पण त्याचे शिक्षण तुटपुंजे. करार वाचता येत नसे, सही तेवढी करायची. व्यवहार परक्या हाती गेला, देशोदेशीचे संघ बदलता बदलता ऐन विशीत तेज मावळले. पुढे याच लॅम्प्टेने अक्रा येथे शाळा काढली. यातील मर्म आम्हां शिक्षकांना विशेष जाणवते. पालकांना आमचे सांगणे एवढेच : मुलाच्या पायातला चेंडू काढून घेऊ नका, पण हातातली पाटीही सुटू देऊ नका.