दंडाचे दिवस कोण मोजतो?

सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांना प्रदूषणाबद्दल दंड होऊ लागला तर रायपूरची बाजारपेठ आटेल, ‘सदर बाजार’ या पेठेतील सराफांची गिऱ्हाइकी अखेर या कारखान्यांच्या पगारांवरच चालते, आणि तुरुंगाची शिक्षा जाऊन रोख दंड आल्याने कायदा पुरेसा कडक झालाच आहे, असा एक पक्ष हल्ली ठासून मांडला जातो. शहरातील धूळ वाहनांची आहे, अशी पुस्तीही त्याला जोडतात. वाहनांची धूळ आहेच, पण म्हणून चिमणीची माफ होत नाही.

या पक्षाचा खरा दोष दंडाच्या हिशेबात आहे. 1981 च्या वायू प्रदूषण कायद्यानुसार कारखान्याला ‘संमती’, म्हणजे अटींसह परवानगी, घ्यावी लागते; कोळशावरील स्पंज आयर्नच्या भट्टीच्या दर घनमीटर धुरात 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण चालत नाहीत. हे कण विद्युतभाराने पत्र्यांवर ओढून धरणारे ईएसपी यंत्र वीज खाते, म्हणून ते रात्री बंद ठेवण्याचा किंवा भट्टीची सेफ्टी कॅप उघडून धूर यंत्राला वळसा घालून सोडण्याचा मोह सदैव असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरपाई-सूत्रात ‘लाल’, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, श्रेणीतील मोठ्या कारखान्यासाठी 80 हा प्रदूषण निर्देशांक, 250 हा रुपयांचा गुणक आणि 1.5 हा आकाराचा गुणक धरला, तर दिवसाला किमान 30,000 रुपये होतात; परंतु दिवस मोजले जातात ते उल्लंघन आढळल्यापासून पूर्तता पडताळली जाईपर्यंत. तपासणीआधीच्या काळ्या रात्री त्या गुणाकारात येतच नाहीत, आणि निरीक्षक दिवसा येणार हे भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. जो दंड न पाहिलेल्या रात्रींना शून्य धरतो, त्याला कडक म्हणणे ही लोकांची फसवणूक आहे.

तुरुंगाचा वाद जुनाच आहे. वायू प्रदूषण कायद्यात पूर्वी दीड ते सहा वर्षांची कैद होती. जनविश्वास कायद्याने 1 एप्रिल 2024 पासून तिच्या जागी 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. कैद क्वचितच होत असे, हे मान्य. पण न्यायालय दुबळे ठरले म्हणून शिक्षाच स्वस्त करावी, हा न्याय कोणता?

ईएसपीला स्वतंत्र वीजमीटर बसवावा, त्याची तासागणिक नोंद व सेफ्टी कॅप उघडल्याची प्रत्येक वेळ मंडळाने जाहीर करावी, आणि दंडाचे दिवस त्या नोंदींवरून मोजावेत. ईएसपी रात्रभर चालवणाऱ्या कारखानदाराला या मीटरची भीती नाही.