परत आलेला करंडक, न सुटलेला प्रश्न

अमेरिकेतील 'फुटबॉल' म्हणजे आपल्या गोव्यातला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने थोपविण्याचा तो खेळ आहे. त्याचे महाविद्यालयीन सामने पाहायला मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक जमतात. अशा खेळातील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून जो सन्मान मिळतो, तो 'हाइसमन करंडक'. २०२४ मध्ये तो कोलोराडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाला. आक्रमण आणि बचाव यांसाठी वेगवेगळे खेळाडू उतरविण्याची रीत असताना हंटर दोन्ही बाजूंनी खेळला, हे त्याचे वेगळेपण.

मात्र त्याच वर्षी या करंडकाची दुसरी एक बातमी अधिक बोलकी ठरली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेगी बुशने २००५ मध्ये तो जिंकला होता. विद्यार्थी असताना त्याने व त्याच्या कुटुंबाने व्यावसायिक दलालांकडून पैसे व सवलती घेतल्याचा ठपका राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे 'एनसीएए'ने, ठेवला आणि २०१० मध्ये बुशला करंडकावर पाणी सोडावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाइसमन विश्वस्त संस्थेने तो त्याला सन्मानाने परत केला. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्र आता बदलले आहे, हे त्यामागचे कारण.

बदलले म्हणजे काय झाले? जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करतात, असा एकमुखी निकाल दिला. पाठोपाठ १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. पुढे जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली. माजी खेळाडूंना मागील नुकसानीपोटी दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळतील, शिवाय विद्यापीठांना आपल्या महसुलातून खेळाडूंना थेट वाटा देता येईल. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. दोन दशकांपूर्वी बुशला कलंकित ठरविणारी रक्कम यापुढे किरकोळच म्हणायची.

या पैशाचा मोठा भाग फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार, हे उघड आहे. महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केले, त्यात नवल नाही.

हौशीपणाचे तत्त्व पूर्वी अगदीच पोकळ होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला विजेता, शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर असूनही व्यावसायिक खेळाकडे वळलाच नाही. त्याचा करंडक काही काळ मावशीच्या घरी दाराला अडसर म्हणून वापरला जाई, असे सांगतात. त्याच्या विद्यापीठाने तर १९३९ मध्ये हा खेळच बंद केला. परंतु पुढे दूरचित्रवाणीचा पैसा आला, प्रशिक्षकांचे वेतन कोट्यवधींवर गेले आणि हौशी राहण्याची सक्ती तेवढी विद्यार्थ्यांवर उरली.

या सक्तीचे मूळ एका शब्दात आहे: 'विद्यार्थी-खेळाडू'. तो कौतुकाने घडलेला नाही. १९५५ मध्ये कोलोराडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराच्या मृत्यूबद्दल मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कारण, महाविद्यालयाचा धंदा फुटबॉल नव्हे. खेळाडू हे नोकर ठरू नयेत, या भीतीतून आपण हा शब्द रूढ केला, अशी कबुली एनसीएएचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर आपल्या पुस्तकात दिली आहे.

हंटर ज्या राज्यात खेळून मोठा झाला, ते हेच राज्य. आज त्याच्यासारख्या खेळाडूला जाहिरात मिळते, महसुलातला वाटाही मिळू शकतो. मात्र २०२५ च्या तडजोडीनेही खेळाडूंना विद्यापीठाचे कर्मचारी मानलेले नाही. डेनिसनच्या पत्नीने न्यायालयात मागितले होते ते नेमके तेच.