घर घेऊन आलेले पाहुणे

बँकेच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीच्या वेळी ट्रकमध्ये सामान चढवताना सौ. म्हणत असे, "या घरालाच चाके असती तर किती बरे झाले असते!" गेल्या उन्हाळ्यात, लग्नानंतर ३८ वर्षांनी, तिची ही इच्छा अमेरिकेत अक्षरशः पूर्ण झाली.

आम्ही मुलाकडे पोर्टलंडला तीन महिन्यांसाठी गेलो होतो. तेथून पॅसिफिक महासागराच्या काठाने दक्षिणेकडे निघाले की सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरापर्यंत आमची माणसे ठिकठिकाणी राहतात. त्यांना भेटण्यासाठी मुलाने आम्हांला एक 'आर.व्ही.' भाड्याने घेऊन दिली. आर.व्ही. म्हणजे चालते घर. आमची गाडी २५ फूट लांब होती. आत दुहेरी पलंग, शेगडी, फ्रिज, जेवणाचे छोटे टेबल आणि न्हाणीघर. खाली पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या दोन. एवढ्या मोठ्या गाडीस तेथे वेगळा परवाना लागत नाही, हे ऐकून मला आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटली. मुलाने एका मोकळ्या मैदानात दोन दिवस सराव करून घेतला, तेव्हा कोठे धीर आला.

व्यवहाराची बाजूही सांगितली पाहिजे. गाडी एका लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. सरकारी उद्यानांतील मुक्कामाच्या जागा उन्हाळ्यात लवकर भरतात; ऑरेगन राज्यात त्यांचे आरक्षण सहा महिने आधी सुरू होते. तेथे वीज व पाणी मिळते आणि ठरलेल्या जागी सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करता येतात. हे शेवटचे काम हातमोजे घालून मीच करीत असे. ज्याच्या सहीवाचून कर्जाचा कागद पुढे सरकत नसे, त्या माणसाला या कामाने बरीच नम्रता शिकवली. उलट स्वयंपाकघर बरोबर असल्यामुळे खाण्यापिण्याच्या नियमांची चिंता उरली नाही. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे इतके सोपे मला सांगलीतही कधी वाटले नव्हते.

कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या ॲस्टोरियापासून आम्ही १०१ क्रमांकाचा महामार्ग धरला. तेथून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत तो सुमारे ५८५ किलोमीटर आहे आणि बराचसा समुद्राच्या सोबतीने जातो. मनात रत्नागिरीचा उन्हाळा ठेवून गेलेल्या आम्हांला पहिल्याच दिवशी स्वेटर काढावे लागले. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडून येणारे वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. त्यामुळे ऐन जुलैतही किनाऱ्यावर धुके आणि गारवा असतो. एक गोष्ट मला विशेष आवडली. १९६७ च्या कायद्याने ऑरेगनचा वाळूचा सारा किनारा जनतेसाठी खुला ठेवला आहे. काठावरचा बंगला कोणाचाही असो, समोरच्या वाळूत पाऊल ठेवण्यास कोणी मज्जाव करू शकत नाही.

न्यूपोर्ट गावी सौ.ची भाची सागरी जीवशास्त्रात संशोधन करते. याक्विना खाडीवरचा तेथील देखणा पूल कॉन्डी मॅककला या अभियंत्याने बांधला. या किनाऱ्यावर १९३६ साली पूर्ण झालेल्या पाच मोठ्या पुलांपैकी तो एक. त्यापूर्वी मोटारी नावेतून पलीकडे नेत असत. भाची तिघी मैत्रिणींबरोबर लहानशा घरात राहते. तेथे आम्हांला ठेवून घेणे तिला शक्यच नव्हते. आम्ही पुलापलीकडच्या उद्यानात गाडी लावली आणि सलग तीन दिवस तीच आमच्याकडे जेवायला आली. पिठले-भाकरी झाल्यावर बाकावर पाय दुमडून झोपली आणि सकाळी प्रयोगशाळेत गेली. परदेशात आपल्या घरी पाहुणे आल्याचे समाधान आम्हांला मिळाले. कोणावर भार न टाकता सर्वांना भेटायचे, हा आपला बेत किती योग्य होता, असे मला वाटू लागले.

त्याच समाधानात मी ब्रुकिंग्जला अण्णांना दूरध्वनी केला. अण्णा म्हणजे सौ.चे थोरले बंधू. वय ७८. पन्नास वर्षांपूर्वी अभियंता म्हणून अमेरिकेत गेले आणि निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळच्या या गावी स्थायिक झाले. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून एकटेच असतात. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही कसलीही तोशीस घेऊ नका. अंथरूण, शिधा, सगळे आमच्याबरोबर आहे. फक्त गाडी उभी करायला जागा द्या. एक रात्र राहू आणि पुढे जाऊ." पलीकडून केवळ "बरं" एवढेच उत्तर आले.

आप्तांच्या अंगणात अशी गाडी लावून राहण्यास तेथे 'मूचडॉकिंग' म्हणतात. फुकट्यांचा मुक्काम, असा त्याचा थट्टेचा अर्थ. त्याचेही शिष्टाचार आहेत. अगोदर विचारावे, गावाचे नियम पाहावेत, घरमालकाकडे टाक्या रिकाम्या करू नयेत, निघण्याची तारीख आधीच सांगावी. हे सारे मी कसोशीने पाळले. अण्णांच्या गॅरेजमधून विजेची तार घेतली. घरगुती जोडणीवर दिवे आणि फ्रिज चालतो. "वीजबिलाचा हिशोब करून देतो," असे मी थट्टेने म्हणालोही. अण्णा हसले नाहीत. आमच्या टेबलाशी बसून ते मुकाट्याने जेवले आणि घरात गेले. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या एका खोलीतला दिवा जळत होता.

पहाटे सौ. घरात गेली आणि बराच वेळ परतली नाही, म्हणून मी पाहण्यास गेलो. ती त्या दिव्याच्या खोलीत उभी होती. पलंगावर नवी चादर होती, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. पायथ्याशी वहिनींनी माहेरून नेलेली वाकळ. खुर्चीवर दोन नवे पंचे, त्यांवर दुकानाची चिठ्ठी तशीच. उशाशी तांब्याभांडे, आणि तांब्याच्या तोंडाला बांधलेले स्वच्छ गाळणे. आठ दिवस खपून अण्णांनी ही खोली सिद्ध केली होती.

आमच्या भागात बहिणीच्या नवऱ्याला 'पाहुणे' म्हणूनच हाक मारतात. अण्णा दारात येऊन म्हणाले, "पाहुणं, अडतीस वर्षं तुम्हाला पाहुणं म्हणतोय. एकदा तरी पाहुणं होऊन राहा की."

मला उत्तर सुचले नाही. मी बाहेर गेलो, विजेची तार गुंडाळून ठेवली आणि आमची पिशवी त्या खोलीत आणली.

एका रात्रीचे चार दिवस झाले. पुढच्या मुक्कामाचे आरक्षणाचे पैसे बुडाले. त्याची नोंद मी प्रथमच कोठे केली नाही. अण्णा सकाळी आमच्यासाठी चहा करीत. दुसऱ्या संध्याकाळी ते वहिनींच्या अखेरच्या दिवसांविषयी बोलू लागले. सौ. भाकरी थापीत ऐकत होती. एवढे त्यांनी दूरध्वनीवर कधीच सांगितले नव्हते.

एके दुपारी त्यांनी सांगलीच्या बँकेतले जुने पासबुक काढले. कित्येक वर्षांत त्यात एकही व्यवहार नव्हता. मी माझ्या सवयीने समजावले, की दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. पैसे कोठे जात नाहीत. ओळखीची कागदपत्रे नव्याने दिली की ते पुन्हा चालू होते. बोलता बोलता मी मध्येच थांबलो. जन्मभर कोणाचे देणे अंगावर नको, या अभिमानात मी वावरलो. कर्जाच्या बाबतीत ते धोरण उत्तमच आहे. परंतु ज्या नात्यात आपण कधी काही मागत नाही आणि कधी काही घेत नाही, तेथे समोरच्याने जमा तरी काय करावे?

निघताना सौ.ने चादर धुवायला काढली. अण्णांनी ती काढू दिली नाही.

पुढे रेडवुडच्या प्रचंड वृक्षांमधून जाताना आम्ही फारसे बोललो नाही. युरेका गावी थांबून मी फ्रीमाँटच्या जुन्या बँकमित्राला दूरध्वनी केला, "उद्या संध्याकाळी येतो. एक खोली हवी, आणि वहिनींच्या हातची आमटी हवी." तो आनंदाने इतक्या मोठ्याने ओरडला, की सौ.ला पलीकडच्या खुर्चीवर ऐकू आले.

वाचकहो, गाडी परत करून आता बरेच दिवस झाले. परवा अण्णांचा दूरध्वनी आला. नऊ वर्षांनी ते जानेवारीत सांगलीस येत आहेत. सौ.ने माडीवरची खोली आत्ताच झाडून घेतली आहे. ठेवण्यापूर्वी अण्णांनी गंभीर आवाजात विचारले, "पाहुणं, येताना अंथरूण बरोबर आणू का?"